भेंडीचे गोत

वाचकहो, परभणीच्या भाजीबाजारात सकाळच्या वेळी एक फेरी मारा. एका पाटीत कोवळी भेंडी मांडलेली असते. शेजारच्या पाटीत अंबाडीच्या जुड्या असतात. दिवस दिवाळीच्या पुढचे असले, तर रस्त्याने कापसाने भरलेल्या गाड्या जिनिंगकडे जाताना दिसतात. घराकडे परतताना कुणाच्या तरी अंगणात जास्वंद फुललेली असते आणि घरातल्या आजीबाई गणपतीसाठी फुले खुडत असतात. आता भेंडी ही फळभाजी, अंबाडी पालेभाजी, कापूस हा धागा आणि जास्वंद हे देवाचे फूल. ही चौघे एकाच गोतातली आहेत असे कुणी सांगितले, तर आपण हसू. पण ते अगदी खरे आहे. शास्त्रज्ञांनी त्यांना एकाच कुळात घातले आहे आणि मराठीत त्या कुळाला भेंडी कुल असेच म्हणतात.

यावर एखादा शेतकरी म्हणेल, "असतील बुवा चुलत भाऊ! आम्हाला त्याचं काय करायचं?" प्रश्न रास्त आहे. प्राण्यांना आणि वनस्पतींना लांबलचक परक्या नावांनी हाक मारणे आणि त्यांची कुळे लावीत बसणे हा रिकामपणाचा उद्योग आहे, असा पुष्कळांचा समज असतो. मीही एके काळी तसेच समजत होतो. परंतु याच कुळकथेच्या आधाराने परभणीच्या शिवारात एक मोठे काम झाले आणि भेंडीचे बुडते पीक वाचले. त्या कामाची हकीकत आज सांगावयाची आहे. मात्र तिचा आरंभ बराच दूरचा आहे, तेव्हा थोडा धीर धरावा लागेल.

आधी आपल्या गावच्या नावांकडे पाहू. खेड्यातल्या माणसाला झाडांची नावे शिकवावी लागत नाहीत. गुरे वळणारा पोरगाही बांधावरच्या पन्नास वनस्पती नावानिशी दाखवील. ही विद्या लहानसहान नाही. तिची अडचण एकच. ती शिवेपर्यंत चालते, शिवेपलीकडे अडखळते. 'ताग' हा शब्द घ्या. आपल्याकडे ताग म्हटले की हिरवळीच्या खताचे पीक डोळ्यांपुढे येते. कुणी त्यालाच बोरू म्हणतात. त्याच्या मुळांवर गाठी असतात आणि त्या गाठींमुळे जमिनीला नत्र मिळते. पण शाळेच्या भूगोलात बंगालचा 'ताग' येतो तो वेगळा. त्याच्यापासून गोणपाट होते. पहिला हरभऱ्याच्या नात्यातला, दुसरा आजच्या मांडणीप्रमाणे भेंडीच्या नात्यातला. दुसऱ्याच्या मुळांवर नत्राच्या गाठी शोधून सापडावयाच्या नाहीत. नाव एक, पण गुण दोन.

'केवडा' या शब्दाने तर याहून मोठा घोटाळा होतो. केवडा म्हणजे सुगंधी कणीस हे आपण जाणतो. पण पिकाची पाने पिवळी पडली की शेतकरी "केवडा पडला" म्हणतो. बाजरीवर केवडा पडतो, तेव्हा कणसात दाणे भरण्याऐवजी पानांचा झुबका निघतो. तो बुरशीसारख्या सूक्ष्म जीवाचा प्रताप असतो आणि बियाण्याला योग्य बुरशीनाशक चोळले तर त्याला आळा बसतो. भेंडीवरही केवडा पडतो. आधी पानांच्या शिरा पिवळ्या होतात, मग सारे पान पिवळे पडते, आणि फळ निबर, फिकट, बाजारात कुणी हाती धरणार नाही असे होते. हा केवडा विषाणूचा असतो आणि पांढरी माशी तो एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेते. त्यावर बुरशीनाशक मारणे म्हणजे पैसे पाण्यात टाकणे.

माझ्या ओळखीच्या एका शेतकऱ्याने नेमके हेच केले. दुकानात जाऊन त्याने "केवड्याचं औषध द्या" म्हटले, दुकानदाराने बाजरीवरच्या केवड्याचे दिले. तीन फवारे झाले, भेंडी गेली ती गेलीच. पुढे तो मला म्हणाला, "गुरुजी, औषध खोटं नव्हतं, अन् दुकानदारही खोटा नव्हता. नावानंच घात केला." त्या दिवसापासून नावांकडे पाहण्याची माझी दृष्टी बदलली.

नावांचा हा गुंता आजचा नाही. आपल्या पूर्वजांनाही तो जाणवला होता आणि त्यांनी तो सोडविण्याचा यत्न केला होता. चरकसंहितेत झाडझाडोऱ्याचे चार वर्ग सांगितले आहेत. फूल न दिसता फळ धरणारे ते वनस्पती, फूल आणि फळ दोन्ही धरणारे ते वानस्पत्य, फळ पिकले की जीवन संपविणाऱ्या त्या औषधी, आणि पसरत जाणाऱ्या वेली त्या वीरुध. वड, पिंपळ, उंबर हे त्या हिशेबाने 'वनस्पती'. उंबराचे फूल फळाच्या आतच दडलेले असते हे पुढे कळले. मौज अशी, की एका वर्गाचे ते नाव आज आपण साऱ्याच झाडापेडांना देतो. वैद्यांनी निघंटू रचले आणि एकेका औषधीची पर्यायी नावे एकत्र केली. तरी एकच नाव अनेकींना राहिले. 'अमृता' म्हणजे गुळवेलही आणि हिरडाही. गुरूच्या शेजारी बसून शिकणाऱ्या शिष्याला त्यात अडचण नव्हती, कारण गुरू बोट दाखवून सांगत असे. पण ग्रंथ दूरदेशी गेला आणि गुरू मागे राहिला, की बोट कोण दाखविणार?

ही अडचण सोळाव्या-सतराव्या शतकांत युरोपच्या लोकांना फारच भासू लागली. गलबते भरून नवनवी झाडे येऊ लागली, आणि प्रत्येक देशाचे नाव निराळे. गोव्यात गार्सिया द ओर्ता या वैद्याने इथल्या औषधी द्रव्यांवर पोर्तुगीजमध्ये ग्रंथ लिहिला. तो १५६३ साली गोव्यातच छापला गेला. पुढे कोचीनला व्हान ऱ्हेडे या डच अधिकाऱ्याने 'होर्टुस मलाबारिकुस' हा बारा खंडांचा प्रचंड ग्रंथ सिद्ध करविला. तो १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅमला छापला गेला. या कामात मलबारचे वैद्य इट्टी अच्युतन यांच्याबरोबर रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट हे तिघे कोकणी वैद्य होते. त्यांनी १६७५ साली कोकणीत, नागरी लिपीत, आपल्या कामाची साक्ष लिहून दिली आणि ती त्या लॅटिन ग्रंथात छापली आहे. वाचकहो, पश्चिमेच्या वनस्पतिशास्त्राच्या एका पायाभूत ग्रंथात आपली बाळबोध अक्षरे आहेत, ही गोष्ट आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असते?

त्या ग्रंथाच्या पहिल्याच खंडात कपाशीचे एक चित्र आहे. पाऊणशे वर्षांनी स्वीडनमधल्या कार्ल लिनियसने ते पाहिले.

लिनियस हा १७०७ साली जन्मलेला एका खेड्यातल्या धर्मोपदेशकाचा मुलगा. त्याच्या आधीचे पंडित एकेका झाडाचे नाव म्हणून आठ-दहा शब्दांचे वर्णनच लिहीत. ते नाव पाठ कोण करणार? लिनियसने १७५३ साली 'स्पीशीज प्लॅन्टारम' या ग्रंथात प्रत्येक वनस्पतीला दोनच शब्दांचे नाव दिले. पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा. शाळेच्या हजेरीपटात आधी आडनाव लिहितात आणि मग नाव लिहितात, तसाच हा प्रकार समजा. जाधव सखाराम, जाधव रामराव. आडनाव वाचले की घर कळते, नाव वाचले की माणूस कळतो. कपाशीचे आडनाव त्याने 'गॉसिपियम' असे ठेवले. हिंदुस्थानच्या देशी कपाशीला 'गॉसिपियम आर्बोरियम' हे नाव दिले आणि तिच्या ओळखीसाठी ज्या जुन्या ग्रंथांचा हवाला दिला, त्यांत ते मलबारचे चित्रही आहे. 'आर्बोरियम' म्हणजे झाडासारखी. आपली शेतातली देशी कपाशी तर कमरेएवढी! मग हे नाव कसे? देवळाच्या आवारात वातींसाठी लावलेला देवकापूस आठवा. तो वर्षानुवर्षे टिकतो आणि झाडच होतो. शेतातली कपाशी आणि देवकापूस या दोघांची जात एकच.

दोन शब्दांच्या नावाची सोय झाली, तरी आडनाव एक कोणाकोणाचे, हे ठरवावयाचे कसे? इथे वर्गीकरण आले. लिनियसने फुलातले पुंकेसर मोजण्याची युक्ती काढली. ती पुढे अपुरी ठरली. परंतु भेंडी कुळाच्या बाबतीत तिने बरोबर मर्मावर बोट ठेवले. पडताळा घरच्या घरी पाहता येईल. जास्वंदीच्या फुलाच्या मध्यातून एक लांब दांडी बाहेर येते आणि तिच्यावर पिवळे परागकोश लटकलेले असतात. ती दांडी म्हणजे सारे पुंकेसर एकमेकांना चिकटून झालेली नळी असते आणि स्त्रीकेसर तिच्या आतून जातो. आता भेंडीचे फूल उमला. नळी आहे. कपाशीचे फूल पाहा, अंबाडीचे पाहा. तिथेही नळी आहेच. रंग निराळे, आकार निराळे, पण घरची खूण एक. आपल्याकडे नाकावरून घराणे ओळखतात ना, तसेच हे!

मात्र घर एक असले तरी चुली निराळ्या असतात. लिनियसने भेंडीला जास्वंदीच्या चुलीवर बसविले होते आणि तिला 'हिबिस्कस एस्क्युलेंटस' म्हटले होते. एस्क्युलेंटस म्हणजे खाण्याजोगी. जर्मनीतल्या मेडिकसने १७८७ साली भेंडीच्या काही नातलगांची वेगळी प्रजाती मांडली. तिचे नाव 'एबेलमॉस्कस'. हे मूळ अरबी शब्दावरून आले आहे. आपल्या मराठवाड्यात उर्दू कानावरून गेलेली असते, तेव्हा त्यातला 'मुश्क' म्हणजे कस्तुरी चटकन ओळखू येईल. कस्तुरभेंडीच्या बियांना कस्तुरीचा वास येतो, त्यावरून हे नाव पडले. १७९४ साली म्योंख याने आपल्या भेंडीलाही त्या घरात नेले. पण पुष्कळांना ते पटले नाही आणि पुढे सव्वाशे वर्षे पुस्तकांतून भेंडी जास्वंदीच्याच घरी राहिली. १९२४ साली होक्रॉयटिनर या स्विस शास्त्रज्ञाने वाटणी पुन्हा नीट मांडली.

त्या वाटणीची खूण तर इतकी साधी आहे, की शेतातली कोणतीही बाई ती दाखवील. लाल अंबाडीचे फूल गळून गेल्यावर बोंडाभोवती लाल, जाड, आंबट वेष्टन राहते. त्याचीच आपण चटणी करतो. ते वेष्टन म्हणजे फुलाचा निदलपुंज. फूल गेले तरी तो राहतो. भेंडीचे तसे नाही. तिचा निदलपुंज एका बाजूने फाटतो आणि फुलाबरोबरच गळून पडतो. म्हणून भेंडीचे कोवळे फळ उघडे असते, अंबाडीच्या बोंडासारखे गुंडाळलेले नसते. या एका खुणेवर भेंडी आणि तिचे सख्खे नातलग एका घरात आले, आणि जास्वंद, अंबाडी शेजारच्या घरात राहिल्या. एवढ्याशा गोष्टीसाठी विद्वानांनी सव्वाशे वर्षे वाद घातला, याचे हसू येईल. पण पुढे काय झाले ते ऐका, म्हणजे हसू मावळेल.

आता परभणीकडे येऊ. मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींची नोंद डॅल्झेल आणि गिब्सन यांनी १८६१ साली केली. थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात तिचा मोठा ग्रंथ केला. पुण्यामुंबईचे विद्यार्थी तो ग्रंथ घेऊन डोंगर हिंडत. परंतु परभणी त्या वेळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. राज्यकर्त्यांनी आखलेली रेघ झाडांना ठाऊक नसते, पण ग्रंथकारांना ती पाळावी लागते. त्यामुळे गोदावरी-पूर्णेच्या काठची आपली झाडे त्या ग्रंथाच्या कक्षेबाहेर राहिली. ही उणीव भरून निघण्यास फार काळ गेला. औरंगाबादच्या विद्यापीठात अध्यापन केलेले वनस्पतिशास्त्रज्ञ वि. ना. नाईक यांनी गावोगाव हिंडून, नमुने वाळवून, 'फ्लोरा ऑफ मराठवाडा' हा दोन खंडांचा ग्रंथ १९९८ साली पुरा केला. म्हणजे कुकच्या ग्रंथानंतर नव्वद वर्षांनी आपल्या मुलखाच्या झाडांचा हजेरीपट आपल्या हाती आला!

झाडांची नोंद नव्हती तरी पिकांकडे मात्र लक्ष होते. संस्थान सरकारने १९१८ साली परभणीला मुख्य प्रायोगिक शेत काढले. कारण उघड आहे. हा कापसाचा मुलूख. इथला गावरानी कापूस देशी असूनही धाग्याला लांब आणि मऊ म्हणून नावाजलेला होता. पण त्याचे शास्त्रीय नाव विचाराल, तर एक पंडित 'इंडिकम' म्हणे, दुसरा 'नेग्लेक्टम' म्हणे, तिसरा आणखी काही. १९०७ या एकाच वर्षी हिंदुस्थानात काम केलेल्या दोघा जाणत्यांनी, गॅमी आणि वॉट यांनी, कपाशीच्या वर्गीकरणावर आपापले ग्रंथ प्रसिद्ध केले आणि दोघांची मांडणी निराळी. नाव ठरत नाही तोवर कोणत्या कपाशीचा कोणत्या कपाशीशी संकर करावा, हे अंधारातच राहते.

उजेड आला तो सूक्ष्मदर्शकातून. १९२० नंतरच्या दशकात कपाशीच्या पेशींतली गुणसूत्रे मोजली गेली. देशी कपाशीत ती सव्वीस निघाली, अमेरिकन कपाशीत बावन्न. आता कोडे उलगडले. सव्वीसवाली आणि बावन्नवाली यांचा संकर साधला, तरी पोटी येणारे झाड एकोणचाळीस गुणसूत्रांचे, आणि ते बहुधा वांझ निघते. शेतकऱ्याला घोडा आणि गाढव यांच्या पोटी जन्मलेले खेचर ठाऊक असते, तसेच हे. याउलट बावन्नवाल्या दोघी सुखाने नांदतात. धारवाडला कटारकी यांनी १९७२ साली 'वरलक्ष्मी' हा संकरित वाण दिला. त्यात अमेरिकन 'हिर्सुटम' आणि लांब धाग्याची 'बार्बाडेन्स' या दोन बावन्नवाल्या जाती एकत्र आल्या. हचिन्सन हे शास्त्रज्ञ पूर्वी इंदूरच्या संस्थेत होते. त्यांनी आपल्या दोन सहकाऱ्यांसह १९४७ साली कपाशीचे सारे घराणे नव्याने मांडले आणि जगात लागवडीच्या कपाशीच्या चारच जाती आहेत हे पक्के केले. दोन जुन्या जगाच्या, दोन नव्या जगाच्या. आपली गावरानी त्यांतल्या 'आर्बोरियम'मध्ये आली, आणि इंडिकम, नेग्लेक्टम ही नावे मागे पडली.

आता भेंडीच्या केवड्याकडे वळू. मुंबई इलाख्यात या रोगाची पहिली नोंद कुलकर्णी यांनी केली, आणि ती पुण्याच्या शेतकी कॉलेजच्या मासिकात छापली गेली. साल १९२४. होक्रॉयटिनरने भेंडीचे घर वेगळे केले तेही हेच साल. दोन गोष्टींचा परस्परांशी काही संबंध नव्हता. एक जण पुण्यात आजारी भेंडी पाहत होता, दुसरा स्वित्झर्लंडमध्ये वाळलेल्या फुलांचे निदलपुंज पाहत होता. या दोन वाटा एकत्र येण्यास साठ वर्षे लागली आणि त्या परभणीला आल्या.

रोग पसरत गेला. दिल्लीच्या संस्थेने 'पुसा सावनी' हा वाण काढला. तो आरंभी केवड्याला दाद देत नसे, म्हणून देशभर गेला. पण काही वर्षांनी तोही पिवळा पडू लागला. लागवडीच्या भेंडीत शोधाशोध करून पक्का प्रतिकार हाती लागेना. आता प्रतिकार आणावयाचा कोठून? इथे घराण्याचा नकाशा कामी आला. घरात औषध नाही, तर चुलत्याकडे विचारावे. चुलता कोण, हे 'एबेलमॉस्कस' या आडनावाने सांगितले होते. जास्वंदीशी भेंडीचा संकर करीत बसले असते, तर आयुष्ये गेली असती.

परभणीला १९७२ साली मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले. २०१३ पासून त्याला वसंतराव नाईक यांचे नाव आहे. तेथे एन. डी. जांभळे आणि वाय. एस. नेरकर या दोघांनी भेंडीच्या याच सख्ख्या नातलगांना हात घातला. 'एबेलमॉस्कस मॅनिहॉट' या नावाने ओळखला जाणारा नातलग केवड्याला दाद देत नव्हता. त्याची फळे खाण्याच्या कामाची नव्हेत, पण रक्तात प्रतिकार होता. त्याचा पुसा सावनीशी संकर केला. संकराची झाडे निरोगी निघाली, पण त्यांना बी पुरते धरेना. नाते जवळचे, तरी अगदी सख्खे नव्हे, त्याचा हा परिणाम. मग त्या संकराचा पुन्हा पुसा सावनीशी संकर केला आणि पिढ्यान्‌पिढ्या निवड करीत गेले. प्रतिकार चुलत्याचा राहिला आणि चव घरची आली. हा प्रतिकार एकाच प्रभावी जनुकामुळे येतो, असेही त्यांनी १९८१ साली दाखवून दिले. त्यातून १९८५ च्या सुमारास जो वाण बाहेर पडला, तो 'परभणी क्रांती'. पुढे देशात कितीतरी ठिकाणच्या शेतकऱ्यांनी हे नाव बियाण्याच्या पुडीवर वाचले, आणि त्यांतल्या पुष्कळांनी परभणी हे गाव कधी पाहिले नव्हते.

लागवडीच्या वाणांची नावे कशी लिहावीत याचे जागतिक नियम १९५३ साली पहिल्यांदा ठरले. आधी लॅटिन नाव लिहावयाचे, मग एकेरी अवतरणात वाणाचे नाव. त्यामुळे जपानमधला शास्त्रज्ञ असो की ब्राझीलमधला, त्याला एबेलमॉस्कस एस्क्युलेंटस 'परभणी क्रांती' असेच लिहावे लागते. रंगभट, विनायक पंडितांची नागरी अक्षरे ज्या परंपरेत छापली गेली, त्याच परंपरेत तीनशे वर्षांनी आपल्या गावाचे नाव गेले.

या शास्त्रावर एक आरोप नेहमी होतो. ही शास्त्रीय नावे सारखी बदलतात, मग त्यांचा भरवसा काय? आरोप खोटा नाही. पण बदल लहरीने होत नाहीत. पॅरिसला १८६७ साली नियमांचा पहिला मसुदा झाला. वनस्पतींच्या बाबतीत १७५३ पासूनची नावे धरावयाची, एकाच झाडाला दोन नावे पडली असतील तर सामान्यतः आधीचे खरे, आणि प्रत्येक जातीचे नाव एका जपून ठेवलेल्या नमुन्याला बांधलेले, हा आजच्या नियमांचा गाभा. तलाठ्याच्या दप्तरात फेरफार होतो तेव्हा जुनी नोंद खोडून टाकीत नाहीत, तिचा क्रमांक देऊन नवी घालतात. इथेही तसेच आहे. नाते अधिक नीट कळले, की फेरफार होतो. पश्चिम आफ्रिकेतली एक भेंडी कित्येक वर्षे 'मॅनिहॉट' या नावाखाली लपली होती. ती स्वतंत्र जात आहे हे ओळखून १९८८ साली तिला 'कैलेई' हे नाव मिळाले. जनुकांच्या अभ्यासानंतर १९९८ पासून भेंडी कुळाचा वाडा तर आणखी मोठा झाला. काटेसावर आणि गोणपाटाचा ताग त्यात राहावयास आले.

आणि हे काम संपलेले नाही बरं का! आपल्या सह्याद्रीत भेंडीचा एक नवा रानटी नातलग सापडला आणि २०१३ च्या सुमारास त्याचे नामकरण झाले. नाव 'एबेलमॉस्कस एनबीपीजीआरेन्स'. हा कोणत्या भाषेतला शब्द, म्हणाल? दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संपदा ब्युरोच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे जोडून तो केला आहे. शास्त्रज्ञही कधी कधी थट्टा करतात ती अशी.

पण ज्या पिकाची कथा मी अभिमानाने सांगितली, तिचा शेवट अजून गोड झालेला नाही. 'परभणी क्रांती' आली, गाजली, आणि कालांतराने तिच्यावरही बऱ्याच ठिकाणी केवडा दिसू लागला. विषाणूही बदलत असतो, तो काही हातावर हात ठेवून बसत नाही. म्हणजे पुन्हा नातलगांच्या दारी जाणे आले. मात्र बांध नांगरले गेले, ओढ्याकाठचे रान साफ झाले, तणनाशक फवारले गेले, तर जाणार कोणाच्या दारी? ज्या रानभेंडीला आपण तण म्हणून उपटतो, तिच्या अंगात आपल्या उद्याच्या पिकाचे औषध असू शकेल. तिचे नाव आणि तिचे नाते लिहून ठेवलेले असेल, तरच तिला वाचविण्याचे कुणाला सुचेल.

म्हणून माझी एक विनंती आहे. तुमच्या गावात बांधावरच्या झाडांची नावे जाणणारी म्हातारी माणसे अजून असतील. त्यांच्याजवळ बसा आणि एका वहीत ती नावे लिहून काढा. झाड कोठे उगवते, केव्हा फुलते, गुरे खातात की टाकतात, तेही लिहा. जमल्यास फांदी जुन्या वर्तमानपत्रात दाबून वाळवा आणि जवळच्या महाविद्यालयातल्या वनस्पतिशास्त्राच्या अध्यापकांना दाखवा. ते त्या गावठी नावाशेजारी लॅटिन नाव लिहून देतील. गावठी नाव टाकून द्यावयाचे नाही. ते त्या झाडाचे घरातले हाक मारायचे नाव आहे, आणि लॅटिन नाव हजेरीपटातले आहे. माणसाला दोन्ही लागतात, झाडालाही लागतात.

आणि उद्या सकाळी भेंडीच्या वाफ्यात एखादे पिवळे फूल दिसले, तर ते हळूच उमलून आतली नळी पाहा. मग अंगणातल्या जास्वंदीत पाहा आणि शेतातल्या कपाशीत पाहा. घरातली पोरे बरोबर असली, तर त्यांनाही दाखवा. तीन फुले पाहून झाली, की ही तिघे एकाच घरची आहेत हे पोरे आपण होऊनच सांगतील.